‘वादळी पाऊस’ लिहू की नको?

पागोळी:
एका छोट्या गावाचा आठवड्याचा हवामान अंदाज मराठीत आणायचं काम घेतलंय. सात दिवस, सात ओळी. वाटलं होतं तासाभरात होईल. मंगळवारीच अडले. मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार, तिन्हींपुढे ‘थंडरस्टॉर्म’ आहे. मी ‘वादळी पाऊस’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून शेजारी लिहिलं, ‘वादळ कुठंय? वारा ताशी १२ किलोमीटर दिलाय.’ बघितलं तर खरंच. उलट शनिवारी पाऊस नाही, गडगडाट नाही, पण वारा सोसाट्याचा. मूळ मजकुरात तिथे ‘स्टॉर्म’ नाही आणि मला नेमकं तिथेच ‘वादळ’ लिहावंसं वाटतंय. काय करू? उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचं आहे.

मुळाक्षर:
बाईंचं बरोबर आहे. आपल्याकडे वादळ म्हटलं की वारा आलाच. थंडरस्टॉर्म ठरतं ते आवाजावरून. निरीक्षकाला गडगडाट ऐकू आला की नोंद होते, मग झाडाचं पान हललेलं नसलं तरी चालतं. ‘मेघगर्जनेसह पाऊस’ लिहा आणि मोकळ्या व्हा.

शब्दवेल्हाळ:
‘मेघगर्जना’ कुणाच्या तोंडी आहे हो? बातम्यांखेरीज मी हा शब्द कधी ऐकलेला नाही. आणि ‘सह पाऊस’ कशासाठी? पाऊस वाटेतच विरून जातो, जमिनीला थेंब लागत नाही आणि वर गडगडाट चालूच, असंही होतं. ‘गडगडाटी पाऊस’ म्हणा हवं तर, पण पावसाचं आश्वासन मूळ मजकुरात असेल तरच द्या.

दर्यावर्दी:
शनिवारचा वारा नेमका किती? वाऱ्याचा जोर अंकांत सांगणारी ब्यूफर्ट मापनश्रेणी १८०५ पासून आहे, तिच्यात डोकावून मग शब्द निवडा. ताशी ६२ ते ७४ किलोमीटर म्हणजे आठवा अंक. इंग्रजीत ज्याला स्टॉर्म म्हणतात तो दहावा, ८९ ते १०२. त्याखालच्या वाऱ्याला वादळ म्हटलं तर खरं वादळ येईल तेव्हा शब्द उरणार नाही. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. इशारा वाचून माणसं नाव समुद्रात घालायची की नाही ते ठरवतात.

पागोळी:
५५ दिलाय, तोही झोतांचा.

दर्यावर्दी:
मग ‘सोसाट्याचा वारा’ अगदी चपखल आहे. हात लावू नका.

शब्दवेल्हाळ:
आकडे खलाशांना ठीक. पण ‘वादळ’ हा शब्दच वात आणि दळ मिळून झालेला, म्हणजे वाऱ्याची फौज. फौज किती मोठी हे शब्द सांगत नाही.

मुळाक्षर:
ही व्युत्पत्ती कानाला गोड लागते, पण मला पटत नाही. संस्कृतात ‘वार्दल’ आहे, पावसाळी कुंद दिवस. हिंदीतला ‘बादल’ त्यातूनच आला आणि माझ्या मते आपलं ‘वादळ’ही त्याच घरातलं. ‘वार्’ म्हणजे पाणी.

शब्दवेल्हाळ:
म्हणजे तुमच्याच हिशेबाने वादळात मुळात वारा नाही, पाणी आहे. मग पागोळीताईंचं ‘वादळी पाऊस’ बरोबर ठरलं की!

मुळाक्षर:
मुळावरून आजचा अर्थ ठरत नाही. ठरत असता तर मी ‘झंझावात’च सुचवला असता. अमरकोशात नुसत्या महावाताला ‘प्रकंपन’ म्हटलंय आणि तोच पावसासकट आला तर ‘झंझावात’. इतका नेमका शब्द आपल्या हातात होता. आता निवडणुकीच्या सभांखेरीज तो कुठे दिसत नाही, याचं मला मनापासून दुःख आहे. ‘तुफान’ तर अरबी, तो वापरूच नये.

दर्यावर्दी:
मग ‘हवामान’मधली ‘हवा’ही अरबीच आहे. तीही काढणार का?

काजळमेघ:
मधेच येतो, क्षमा करा. ‘विजांचा कडकडाट आणि ढगांचा गडगडाट’ असं सगळीकडे छापतात, जणू विजेचा आवाज वेगळा नि ढगाचा वेगळा. आवाज एकच, विजेचा. तिच्या वाटेतली हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि स्फोटासारखी फुगते, त्याचा तो आवाज. वीज जवळ असली तर एकदम फुटतो, तो कडकडाट. लांब असली तर काही किलोमीटर पसरलेल्या तिच्या वाकड्यातिकड्या वाटेच्या निरनिराळ्या भागांतून आवाज मागेपुढे पोचतो आणि लांबत जातो, तो गडगडाट. लहानपणी वीज चमकली की बाबा आकडे मोजायला लावायचे. तीन सेकंदांना एक किलोमीटर. नऊच्या पुढे गेलं की आम्ही ‘गडगडली’ म्हणायचो, दोनच्या आत आलं की ‘कडाडली’. दोन्ही वेळा कर्ता वीजच असायची, ढग कधीच नाही.

शब्दवेल्हाळ:
सुंदर! पण आमच्या घरात ‘आभाळ गडगडतं’ असंच म्हणायचे, आणि ते मी सोडणार नाही. ऐकणाऱ्याला आवाज आभाळभर येतो, म्हणून कर्ता आभाळ. भाषा कानाने चालते.

काजळमेघ:
आभाळ चालेल. ‘ढगांचा’ मात्र खुपतं.

पागोळी:
सगळं वाचतेय, पण मंगळवारच्या ओळीत काय लिहू? पावसाची शक्यता तिथे दिलेली आहे, ४० टक्के.

मुळाक्षर:
४० टक्के म्हणून ‘तुरळक ठिकाणी’ लिहू नका हं. हवामान विभागाच्या भाषेत तुरळक म्हणजे २५ टक्क्यांपर्यंतची ठिकाणं. तो पसारा झाला, शक्यता नव्हे. एका गावाच्या अंदाजात ‘ठिकाणी’ येण्याचं कारणच नाही.

दर्यावर्दी:
‘गडगडाट होईल, पावसाची शक्यता ४० टक्के.’ झालं. वारा १२, वादळ नाही.

शब्दवेल्हाळ:
‘गडगडाट होईल’ कोरडं वाटतं. ‘विजा चमकतील’ तरी घाला. माझी आजी चमकणं म्हणायचीच नाही, ‘वीज लवली’ म्हणायची. डोळ्याचं पातं लवतं न लवतं, त्यातलंच ते लवणं.

काजळमेघ:
‘लवणे’ म्हणजे वाकणे ना? फांदी लवते, तसं?

मुळाक्षर:
दोन्ही अर्थ आहेत. पातं खाली येतं म्हणून लवतं. वीज का लवते, ते मात्र थांबा, कोश काढून बघतो.