मराठी मजकूर वाचायला किती सोपा, हे मोजायचं कसं?

बोरू: सरकारी योजनांची माहितीपत्रकं सोप्या मराठीत लिहिणं चालू आहे. फ्लेश रीडिंग ईझचं, म्हणजे मजकूर वाचायला किती सोपा ते मोजणारं सूत्र (गुण जितके जास्त तितका मजकूर सोपा) लावलं तर गुण उणे ४०च्या आसपास येतात. वाक्यं तर सरासरी १० शब्दांचीच आहेत. मग चुकतंय कुठे?

कानामात्रा: सूत्र १९४८ चं, इंग्रजीसाठी बसवलेलं: २०६.८३५ − १.०१५ × (दर वाक्यामागे शब्द) − ८४.६ × (दर शब्दामागे उच्चारघटक, म्हणजे सिलेबल). सगळा घोळ शेवटच्या पदात आहे. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'शाळेसमोरच्या' हा शा-ळे-स-मोर-च्या असा पाच घटकांचा एकच शब्द, आणि तो तिसरीतल्या मुलालाही कळतो. सरासरी २.८ घटक आले की तेवढ्यानेच २३७ गुण जातात. तो आकडा सोडून द्या.

शब्द प्रोग्रामने मोजत असाल तर मोजणीही तपासा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या नेहमीच्या 'री' मॉड्यूलमध्ये शब्द शोधण्याची बॅकस्लॅश-डब्ल्यू ही खूण काना, मात्रा, वेलांटी धरत नाही, त्यामुळे 'पाणी'चे 'प' आणि 'ण' असे दोन शब्द होतात. 'डॉ.', 'रु.', 'क्र.' यांच्या टिंबांवर वाक्यही तुटतं.

समासातली टीप: सूत्रापेक्षा क्लोज चाचणी घ्या, विल्सन टेलर यांची, १९५३ ची. साधारण २५० शब्दांचा उतारा घ्या. पहिलं वाक्य तसंच ठेवा, पुढे दर पाचवा शब्द गाळा, सगळ्या रिकाम्या जागा सारख्या लांबीच्या ठेवा आणि वाचणाऱ्याला त्या भरायला सांगा. मूळ शब्द आला तरच गुण. शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापू नका. इंग्रजीत ढोबळमानाने ६० टक्क्यांच्या वर सोपं, ४० च्या खाली अवघड मानतात. मराठीत प्रत्ययासकट शब्द ओळखावा लागतो, म्हणून या रेषा जशाच्या तशा लावू नका. जुना आणि नवा मसुदा वेगवेगळ्या गटांना द्या आणि फरक बघा. वाचणारे मात्र ज्यांच्यासाठी पत्रक आहे तेच हवेत, ऑफिसातले सहकारी नकोत.

बोरू: हे वाक्य कसं सोडवाल? 'सदरहू अर्जासोबत आवश्यक त्या कागदपत्रांची पूर्तता न केल्यास अर्ज विचारात घेतला जाणार नाही.'

कानामात्रा: शब्द १३च, म्हणजे लांबी हा दोष नाही. 'पूर्तता करणे'मध्ये 'जोडा' हे साधं क्रियापद लपलंय, 'आवश्यक त्या' म्हणजे कुठली ते सांगितलेलं नाही, आणि 'विचारात घेतला जाणार नाही' यातून अर्जाचं नेमकं काय होणार ते कळत नाही. असं करा: 'अर्जाला आधार कार्ड आणि रेशन कार्डाची झेरॉक्स जोडा. ती नसेल तर अर्ज नामंजूर होईल.' कागदपत्रं तीनाहून जास्त असतील तर वाक्यात कोंबू नका, एकाखाली एक लिहा.

समासातली टीप: 'नामंजूर' लिहिण्याआधी संबंधित खात्याला विचारा. त्रुटी भरून काढायला मुदत मिळत असेल, तर ती तारीखही तिथेच हवी.