कंपनी बुडणार हे गुणोत्तरांवरून आधी कळतं का?

(ऑनलाइन चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ताळेबंद

कंपनीचं दिवाळं एका रात्रीत निघत नाही. ताळेबंदात त्याची चाहूल वर्ष-दोन वर्षं आधी लागते आणि ती ओळखायला पाच गुणोत्तरं पुरतात, असं माझं ठाम मत आहे. अभ्यासक एडवर्ड ऑल्टमन यांनी 1968 मध्ये मांडलेला झेड-स्कोअर, म्हणजे बुडण्याचा धोका एका आकड्यात सांगणारं सूत्र, आजही वापरला जातो, तो उगाच नाही. सूत्र असं:

झेड = 1.2 × (खेळतं भांडवल ÷ एकूण मालमत्ता) + 1.4 × (संचित नफा ÷ एकूण मालमत्ता) + 3.3 × (व्याज व करपूर्व नफा ÷ एकूण मालमत्ता) + 0.6 × (समभागांचं बाजारमूल्य ÷ एकूण देणी) + 1.0 × (विक्री ÷ एकूण मालमत्ता)

2.99 च्या वर असेल तर कंपनी सुरक्षित, 1.81 च्या खाली असेल तर धोक्यात, मधला पट्टा अनिश्चित.

चर्चेसाठी एक काल्पनिक उत्पादक कंपनी घेऊ. सगळे आकडे कोटींत. एकूण मालमत्ता 1000, चालू मालमत्ता (वर्षभरात रोख होणारी) 450, चालू देणी (वर्षभरात द्यायची) 400, संचित नफा 120, व्याज व करपूर्व नफा 60, बाजारमूल्य 350, एकूण देणी 700, विक्री 1100. खेळतं भांडवल म्हणजे चालू मालमत्ता उणे चालू देणी, इथे 50. पाच पदं अनुक्रमे 0.06, 0.168, 0.198, 0.30 आणि 1.10. बेरीज 1.83. कंपनी धोक्याच्या रेषेला टेकली आहे. तिचं चालू गुणोत्तर (चालू मालमत्ता ÷ चालू देणी) 1.125 आहे. एवढंच पाहणारा माणूस निर्धास्त राहिला असता. म्हणून एकेकटं गुणोत्तर न पाहता पाचही एकत्र पाहावीत.

रोखवही

तुमचंच उदाहरण घेते. 1.83 मधले 1.10 एकट्या विक्रीच्या पदातून आले आहेत, म्हणजे साठ टक्के गुण. तोट्याने माल विकून उलाढाल वाढवली तरी हे पद वाढतंच. बाकी चार पदांची बेरीज जेमतेम 0.73 आहे.

पण माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. कंपनी बुडते ती ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम देता आली नाही म्हणून. झेड-स्कोअरच्या पाचही पदांत कर्जफेडीची तारीख कुठेच नाही. याच कंपनीचं वर्षाचं व्याज 40, पुढच्या बारा महिन्यांत फेडायचे मुदत कर्जाचे हप्ते 90, घसारा (कागदावरचा खर्च, यात रोकड जात नाही) 30 आणि कर 5 धरा. नफा व्याजाच्या दीडपट भरतो, ठीक वाटतं. आता मुद्दलही धरा. हातात येणार 60 + 30 − 5 = 85, द्यायचे 130. कर्जफेड क्षमता 85 ÷ 130 = 0.65. उरलेले 45 कुणीतरी नव्याने उसने दिले तरच ही कंपनी वर्ष काढेल. तिचा जीव त्या नव्या कर्जाच्या मंजुरीत अडकला आहे, आणि ते तुमच्या पाच पदांत दिसत नाही.

ताळेबंद

कर्जफेड क्षमता हेसुद्धा गुणोत्तरच आहे की! मी गुणोत्तरांच्या बाजूने बोलतोय, फक्त झेडच्या नाही. अभ्यासक विल्यम बीव्हर यांनी 1966 मध्ये 79 बुडालेल्या आणि 79 तगलेल्या कंपन्यांची तुलना केली, तेव्हा सगळ्यांत चांगलं भाकीत 'रोख प्रवाह ÷ एकूण कर्ज' या गुणोत्तराने केलं होतं. आपल्या कंपनीचा निव्वळ नफा 15, घसारा 30, म्हणजे 45 ÷ 700 = 6.4 टक्के. एवढ्या तोकड्या आकड्यावरून इशारा मिळतोच.

रोखवही

बीव्हर यांचा 'रोख प्रवाह' म्हणजे नफा अधिक घसारा. खरी गळती होते ती नेमकी यातून निसटते. ग्राहकांकडची येणी वर्षभरात 70 ने वाढली, न विकलेला साठा 50 ने वाढला आणि पुरवठादारांची देणी 60 ने वाढली असं समजा. मग कामकाजातून आलेली रोकड 45 − 70 − 50 + 60 = उणे 15. कागदावर 45 येताना दिसतात आणि प्रत्यक्षात 15 बाहेर गेले आहेत. त्यात व्याजाचे 40 परत मिळवले तर 130 च्या हप्त्या-व्याजासमोर 25 उरतात. माझा आधीचा 0.65 हा आकडाही आता 0.19 वर येतो.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. माल पडून राहिला आणि वसुली रखडली की चालू मालमत्ता फुगते. ती उधारीवर फुगली नसेल तर चालू गुणोत्तर *सुधारतं*. आजार वाढतो तसा आकडा चांगला होतो! नफा आणि रोकड यांतली दरी अमेरिकेतल्या डब्ल्यू. टी. ग्रँट या दुकानसाखळीत दिसली. 1975 मध्ये तिचं दिवाळं निघालं. 1973 मध्ये तिचा शेअर नफ्याच्या जवळजवळ वीसपट भावाने विकला जात होता, आणि कामकाजातली रोकड मात्र त्याआधीची बरीच वर्षं उणे होती. नफा दिसत होता, कारण उधारीवरची विक्री नफ्यात धरली जात होती.

उलटतपासणी

दोघेही एक गोष्ट गृहीत धरताय, की ताळेबंदातले आकडे वर्षभराचं चित्र दाखवतात. ते एका दिवसाचं चित्र दाखवतात, आणि तो दिवस कंपनीला आधीच माहीत असतो.

वरच्या कंपनीच्या चालू देण्यांत 120 अल्पमुदत कर्ज, 90 हप्ते आणि 190 पुरवठादारांचे आहेत असं धरू. वर्ष संपायच्या चार दिवस आधी ती 200 ची येणी 'परत विकत घेऊ' या बोलीवर एखाद्या वित्तसंस्थेला विकते, आलेल्या पैशातून अल्पमुदत कर्ज आणि पुरवठादारांचे 80 फेडते आणि नवं वर्ष लागताच व्यवहार उलटवते. येणी परत घ्यायची असतील तर हे खरं म्हणजे कर्जच, पण विक्री म्हणून दाखवून ते लपवलं जातं. आता मालमत्ता 800, चालू मालमत्ता 250, चालू देणी 200, एकूण देणी 500. चालू गुणोत्तर 1.125 वरून 1.25. झेडची पदं 0.075, 0.21, 0.2475, 0.42, 1.375, बेरीज 2.33. धंद्यात काडीचा फरक नाही आणि कंपनी धोक्याच्या रेषेवरून मधल्या पट्ट्यात सरकली. एक बारकावा: ही युक्ती चालू गुणोत्तर एकाच्या वर असेल तरच त्याला उपयोगी पडते. एकाच्या खाली असेल तर दोन्ही बाजूंनी सारखी रक्कम वजा केल्यावर ते आणखी घसरतं.

हे कल्पनेतलं नाही. अमेरिकेतल्या लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने 'रेपो 105' नावाने असाच प्रकार करून 2008 च्या दुसऱ्या तिमाहीअखेर सुमारे 5,000 कोटी डॉलर ताळेबंदाबाहेर ठेवले आणि 15 सप्टेंबर 2008 ला दिवाळखोरीचा अर्ज दिला. (लेहमनसारख्या वित्तसंस्थेला झेड-स्कोअर लावायचा नसतोच. तिथे खेळत्या भांडवलाला अर्थ नाही.)

ताळेबंद

यावर उपाय गुणोत्तरांतच आहे. भरलेलं व्याज वर्षअखेरच्या कर्जाने भागा. तुमच्या कंपनीचं खरं कर्ज 300 दीर्घ मुदतीचं + 90 + 120 = 510. व्याज 40, म्हणजे दर 7.8 टक्के. रंगरंगोटीनंतर कर्ज 390 दिसतं आणि दर 10.3 टक्के निघतो. ताळेबंदासोबतच्या टिपांमध्ये कर्जाचा दर 8 टक्के दिला असेल तर 40 ÷ 0.08 = 500, म्हणजे वर्षभर सरासरी 500 चं कर्ज अंगावर होतं. 110 कुठे गेले, हा प्रश्न लगेच विचारता येतो. आकडा एका जागी दाबला की दुसरीकडे वर येतो, म्हणूनच मी एका गुणोत्तरावर थांबू नका म्हणतो.

उलटतपासणी

व्याजाची ही चाचणी चांगली आहे, मान्य. पण व्याजाला 'व्याज' म्हटलं असेल तरच ती चालते. ब्रिटनची बांधकाम कंपनी कॅरिलियन जानेवारी 2018 मध्ये बुडाली. बँक पुरवठादारांना आधी पैसे देई आणि कंपनी बँकेला नंतर फेडी. ही रक्कम कर्जात न दाखवता 'इतर देणी' या सदरात टाकलेली होती. तिथे कर्जावरची गुणोत्तरं कितीही फिरवली तरी मूळ रक्कमच हिशेबात येत नाही. अशा ठिकाणी पुरवठादारांच्या आणि इतर देण्यांचे दिवस मोजावे लागतात. आपल्या कंपनीची खरेदी गेल्या वर्षी 790 आणि देणी 130 होती, म्हणजे 130 ÷ 790 × 365 = 60 दिवस. यंदा रंगरंगोटीआधी खरेदी 770 आणि देणी 190, म्हणजे 90 दिवस. खरेदी घटली आणि उधारी वाढली. ताकदवान खरेदीदारही उशिरा पैसे देतो, पण त्याचा साठा झपाट्याने विकला जात असतो. साठ्याचे, वसुलीचे आणि देण्यांचे दिवस तिन्ही एकदम वाढले तर ती ताकद नव्हे, पैशांची चणचण आहे.

संभाव्यता

कुणीच न मांडलेली अडचण सांगतो. ऑल्टमन यांच्या मूळ नमुन्यात 33 बुडालेल्या आणि 33 तगलेल्या उत्पादक कंपन्या होत्या. एक वर्ष आधीच्या आकड्यांवर 95 टक्के वर्गवारी बरोबर आली, दोन वर्षं आधीच्या आकड्यांवर मात्र बुडालेल्यांपैकी 72 टक्केच ओळखता आल्या. (धाग्याच्या सुरुवातीची 'वर्ष-दोन वर्षं' या फरकासकट वाचावीत.) पण खऱ्या जगात निम्म्या कंपन्या बुडत नाहीत.

1000 कंपन्यांपैकी वर्षात 20 बुडणार असं समजा. चाचणी त्यातल्या 90 टक्के पकडते, म्हणजे 18. उरलेल्या 980 पैकी 15 टक्के धडधाकट कंपन्यांवरही ती लाल शेरा मारते, म्हणजे 147. एकूण लाल शेरे 165, त्यात खरोखर बुडणाऱ्या 18. नऊ इशाऱ्यांतला एक खरा. मार्क झ्मीयेव्स्की यांनी 1984 मध्ये नमुन्यातल्या या असमतोलावर बोट ठेवलं. त्याआधी 1980 मध्ये जेम्स ओल्सन यांनी 105 बुडालेल्या आणि दोन हजारांहून जास्त तगलेल्या कंपन्या घेऊन थेट शक्यता काढणारं सूत्र मांडलं होतं. '1.81 च्या खाली म्हणजे बुडणार' असं म्हणणाऱ्याने आपल्या नमुन्यात बुडण्याचं प्रमाण किती हे आधी सांगावं.

धनको

संभाव्यता यांचं गणित बरोबर, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. नऊतला एक खरा, एवढं कर्ज देणाऱ्याला भरपूर झालं. कंपनी बुडाल्यावर 100 पैकी 60 जातात आणि न बुडाल्यास वर्षाला 2 सुटतात असं धरा. लाल शेऱ्याच्या गटात बुडण्याची शक्यता 18 ÷ 165, म्हणजे 10.9 टक्के, आणि अपेक्षित नुकसान 100 मागे साडेसहा. 2 मिळवण्यासाठी साडेसहा पणाला कोण लावेल? उरलेल्या 835 मध्ये दोनच बुडणार, तिथे अपेक्षित नुकसान 0.14. चाचणीने गट असे वेगळे केले की तिचं काम झालं. लाल गटाला नकारच द्यायला हवा असं नाही. तारण मागता येतं, मुदत कमी करता येते, दर वाढवता येतो. पैसे आगाऊ देणाऱ्या ग्राहकाचा किंवा तिथे नोकरी धरणाऱ्याचा हिशेब वेगळा येईल. म्हणून सीमारेषा सगळ्यांना एकच असू शकत नाही.

नवखा

कंपनी शेअर बाजारात नसेल किंवा सेवाक्षेत्रातली असेल तर बाजारमूल्याच्या आणि विक्रीच्या पदाचं काय करायचं?

ताळेबंद

बाजारात नसलेल्या उत्पादक कंपनीसाठी वजनं बदलतात: 0.717, 0.847, 3.107, 0.420, 0.998. चौथ्या पदात बाजारमूल्याऐवजी पुस्तकी मूल्य येतं आणि सीमा 1.23 व 2.90 होतात. उत्पादक नसलेल्यांसाठी विक्रीचं पद काढूनच टाकलं आहे: 6.56, 3.26, 6.72, 1.05, सीमा 1.10 व 2.60. वरच्या कंपनीला हे दुसरं सूत्र लावलं (पुस्तकी मूल्य 1000 − 700 = 300) तर 0.328 + 0.391 + 0.403 + 0.45 = 1.57 येतं. विक्रीचा टेकू काढूनही ती मधल्या पट्ट्यातच राहते, हे रोखवही यांच्या पहिल्या आक्षेपाला उत्तर म्हणून नोंदवतो. एका सूत्राचे गुण दुसऱ्याच्या सीमांवर तपासणं ही नेहमीची चूक आहे, ती टाळा. तरुण कंपनीचा संचित नफा स्वाभाविकच कमी असतो आणि भरपूर शेअर परत विकत घेणाऱ्या सुदृढ कंपनीचाही तो आटतो. तिथे दुसरं पद फसवतं. 2019 पासून आंतरराष्ट्रीय लेखामानकांनुसार बहुतेक भाडेकरार ताळेबंदात आले, त्यामुळे 2018 आणि 2019 चे आकडे सरळ शेजारी ठेवून कल काढू नका.

रोखवही

उत्तर नोंदवलं, पण 1.57 सुद्धा 'अनिश्चित' एवढंच सांगतं, आणि 130 ची देणी अनिश्चित नाहीत. माझा क्रम उलटा आहे. आधी टिपांमधून पुढच्या बारा महिन्यांची कर्जफेड महिनावार मांडा. त्यासमोर हातातली मोकळी रोकड ठेवा. तारण म्हणून अडकलेली किंवा उपकंपनीत बंद असलेली रोकड धरू नका. मग बँकेने मंजूर केलेली पण न उचललेली मर्यादा लिहा. ती बिनशर्त आहे का, हे करारात पाहा. शेवटी कर्जाच्या अटी. 'कर्ज घसारा-व्याज-करपूर्व नफ्याच्या 4 पटींपेक्षा जास्त नको' अशी अट असेल आणि आपल्या कंपनीचं 510 कर्ज घसारा-व्याज-करपूर्व 90 नफ्याच्या 5.7 पट असेल, तर अट आजच मोडलेली आहे. मग सावकार पूर्ण 300 सुद्धा तातडीने मागू शकतो, आणि दीर्घ मुदतीचं वाटणारं कर्ज चालू देण्यांत येतं. चालू देणी 700, चालू गुणोत्तर 0.64. झेडचं पहिलं पद 0.06 वरून उणे 0.30 वर जातं आणि बेरीज 1.47 होते.

उलटतपासणी

आणि एका करारात अट मोडली की दुसऱ्या कर्जदात्यालाही पैसे मागण्याचा हक्क मिळतो, असं कलम बऱ्याच करारांत असतं. म्हणून मी गुणोत्तर काढण्याआधी हमींची यादी आणि लेखापरीक्षकाचा शेरा वाचतो. कंपनी पुढे चालू राहील का याबद्दल त्याने शंका लिहिली असेल, किंवा मुदत संपण्याआधीच तो काम सोडून गेला असेल, तर 2.33 वर माझा विश्वास बसणार नाही.

ताळेबंद

शेरा येतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, आणि कर्जकरार बाहेरच्या माणसाला क्वचितच पूर्ण वाचायला मिळतो. पाचशे कंपन्यांतून वीस वेगळ्या काढायच्या असतील तर हाताशी ताळेबंदच असतो. त्या विसांसाठी रोखवही यांचा महिनावार तक्ता मांडा, माझी हरकत नाही. पाचशेंसाठी तो कोण मांडणार?