अनुभव धागा: घराचं फिनिशिंग, साहित्य आणि रंग

फ्लॅटचा ताबा मिळाला की घरात पहिली चर्चा भिंतीच्या रंगाची होते. खरं तर तो सगळ्यात शेवटी ठरवायचा. दगडात आणि टाइल्समध्ये निवड मोजकी, लॅमिनेटमध्ये जरा जास्त, रंग मात्र हवा तसा मिसळून मिळतो. म्हणून आधी फरशी, मग ओटा, लॅमिनेट, पडदे आणि शेवटी भिंत. ही कामं जवळून माहीत असलेल्यांनी लिहा: मापं काय घ्यावीत, काय बिघडतं आणि का?

रंगकाम, पुणे

नवा गिलावा पाणी मारणं थांबल्यावर निदान 4 आठवडे सुकू द्या. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की आधी फुगे येतात, मग पांढरा क्षार, मग पोपडे. तपासणी सोपी आहे. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा. 24 तासांनी आतून थेंब दिसले तर थांबा.

पुट्टीचे 2 हात, दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. खड्डे पुट्टीने भरू नका, जाड थर तडकतो. ते गिलाव्यानेच भरा. घासताना बल्ब भिंतीलगत तिरका धरला की सगळ्या लाटा उघड्या पडतात. कारागीर असतानाच हे बघा. घासल्यावर धूळ पुसल्याशिवाय प्रायमर मारू देऊ नका, नाहीतर रंग धुळीवर बसतो, भिंतीवर नाही.

शेडकार्डवरून रंग पक्का करणं म्हणजे जुगार. चारही भिंतींना लागला की तोच रंग कार्डापेक्षा गडद वाटतो. 2 फूट बाय 2 फुटांचे नमुने, पूर्ण 2 हात देऊन, खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि खिडकीच्याच भिंतीवर लावा. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून बघा. 3000 केल्विनच्या म्हणजे पिवळसर उजेडाच्या दिव्याखाली करडा रंग पिवळट होतो, 6500 च्या पांढऱ्या उजेडात क्रीम मळकट दिसतो. दिवे कोणते ते आधी ठरवा.

चमक जितकी जास्त, तितका भिंतीचा उंचसखलपणा दिसतो. छताला मॅटच हवा.

कोकणातून

वरचं सगळं सिमेंटच्या गिलाव्याला लागू. चिऱ्याच्या जुन्या भिंतीवर चुन्याचा गिलावा असेल तर प्लास्टिक पेंट अजिबात नको. आतली ओल अडकते आणि गिलाव्यासकट रंग सुटतो. तिथे चुनाच द्या. आणि बिजागऱ्या स्टेनलेस, 304 ग्रेडच्या घ्या. खाऱ्या हवेत साध्या टिकत नाहीत.

फर्निचर

सिंकखाली आय एस 710 चा म्हणजे मरीन प्लाय, बाकी ठिकाणी आय एस 303 मधला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) पुरतो. आय एस म्हणजे भारतीय मानकाचा क्रमांक. कपाटाचा सांगाडा 18 मिलिमीटरचा. लॅमिनेट बाहेरून 1 मिलिमीटर, आतून 0.8 चालेल, पण आतून लावायचंच. एकाच बाजूला लावलं की दुसरी बाजू दमट हवा ओढते आणि उंच शटर (कपाटाचं दार) वाकतं. पैसे वाचवायला आतून नुसता रंग मारतात, तिथेच हे होतं. सगळ्या शीट एकाच बॅचच्या आणि एक जादा. गडद हाय ग्लॉसवर बोटांचे ठसे राहतात, स्वयंपाकघरात टाळा.

दगड आणि टाइल्स

कोटा आणि संगमरवर दोन्ही चुन्याचेच दगड. लिंबू, चिंच, संडास साफ करायचं ॲसिड यांनी पॉलिश मरतं. ओट्याला ग्रॅनाइटच घ्या, पण फिकट ग्रॅनाइटला सीलर (डाग मुरू न देणारा लेप) मारा, नाहीतर हळद मुरते. पुढच्या कडेच्या खाली पाणी अडवायची खाच पाडून घ्या, नाहीतर ओघळ थेट शटरवर येतो.

टाइल्स 10 टक्के जादा, सगळ्या खोक्यांवर बॅच आणि शेड नंबर एकच. सांधा 2 मिलिमीटर तरी सोडा. एपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा रेझिनचा मसाला) टाइलवर सांडलं तर लगेच पुसून घ्या. घट्ट झालं की त्याचा थर टाइलवरून निघत नाही.

एक राहिलं. काळ्या ग्रॅनाइटला कधीकधी रंग मारलेला असतो. दुकानातच पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन घासा. फडकं काळं झालं तर तो दगड घेऊ नका.