प्रति: प्रवास केल्याशिवाय जैवविविधतेचा अभ्यास होत नाही?

वर कुणीतरी म्हटलंय की जगभर हिंडल्याशिवाय गोड्या पाण्यातल्या बारीक कवचधारी जिवांवर काम करणं अशक्य. मग गेऑर्ग ओसियान सार्स (१८३७-१९२७) या नॉर्वेच्या गृहस्थाचं काय करायचं?

ऑस्ट्रेलियाला न जाता यांनी तिथल्या जाती शोधल्या. क्वीन्सलँडमधल्या तळ्याचा वाळलेला गाळ मागवला आणि तो घरी पाण्यात भिजवला. डॅफ्निया या गोड्या पाण्यातल्या बारीक कवचधारी प्राण्यासारख्या जिवांची सुप्त अंडी कोरड्या चिखलातही टिकून राहतात, पाणी मिळालं की फुटतात. (आपल्या कासच्या सड्यावरच्या डबक्यांतही पावसाळ्यात अशीच हालचाल सुरू होते.) त्या गाळातून निघालेल्या एका जातीला त्यांनी तो गोळा करणाऱ्या कार्ल लुमहोल्ट्झचं नाव दिलं: डॅफ्निया लुमहोल्ट्झी, १८८५. पुढे हीच जात अमेरिकेतल्या जलाशयांत उपद्रवी म्हणून पसरली!

जिवंत प्राणी समोर असल्याने रंग, पोहण्याची ढब सगळं टिपता आलं. चित्रंही स्वतःच काढायचे, आणि काय चित्रं! मला तर त्यांच्या वर्णनांपेक्षा तीच जास्त आवडतात.

पोटापाण्याचं काम मात्र मत्स्यव्यवसायाचं. कॉड माशाची अंडी पाण्यात तरंगतात, हाही शोध त्यांचाच.