गाडीच्या दारावरील प्लास्टिक पट्ट्या रंगवताना

गाडीच्या दाराच्या आतील प्लास्टिक पट्टीवर स्प्रे रंग मारल्यावर बारीक खळगे पडले, तर रंगाचा डबा बदलावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोष डब्याचा नसून आतील भाग चमकवण्यासाठी वर्षानुवर्षे फासलेल्या सिलिकॉनयुक्त पॉलिशचा असावा. ते आधी साबणाच्या पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावे, कारण त्यापूर्वीच पॉलिश पेपर घासला तर तेच सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसते. पट्टी काढून तिची मागची बाजू अवश्य पाहावी. तेथे ‘पीपी’ (पॉलिप्रोपिलीन हे प्लास्टिक) असा ठसा असेल, तर खास प्लास्टिक प्रायमरशिवाय रंग टिकत नाही. ‘एबीएस’ हे दुसरे प्लास्टिक त्या मानाने सोशिक असते.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ असताना गच्चीवर फवारणी करू नये, कारण थेंब पट्टीवर पोहोचण्याआधीच अर्धवट सुकतात आणि हाताला रवाळ लागणारा थर बसतो. सकाळी लवकर, सावलीत, पातळ थर द्यावेत. कूलरच्या दमट झोतात वाळवण्याचा आपला आवडता उपायही नको, त्याने काही रंगांवर पांढरट झाक येते. एअरबॅगचे झाकण मात्र रंगवूच नये, कारण ते वेळेवर ठरलेल्या रेषेवरच फाटणे आवश्यक असते.