ऑनलाइन प्रशिक्षणाचे मूल्यमापन कसे करावे?

प्रश्न: सामाजिक व वर्तनविषयक संशोधकांसाठीच्या संशोधन-नैतिकतेच्या आमच्या ऑनलाइन प्रशिक्षणात शेवटच्या चाचणीत बहुतेक सर्वजण उत्तीर्ण होतात; पण त्यावरून त्यांचे प्रत्यक्ष काम सुधारले, असे म्हणता येईल का?

पहिले उत्तर: नाही. प्रशिक्षण-मूल्यमापनाचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या प्रतिसाद, शिक्षण, वर्तन आणि परिणाम या चार पातळ्यांपैकी चाचणी केवळ दुसरी मोजते, आणि तीही प्रशिक्षणापूर्वी तशीच चाचणी घेतली असेल तरच.

दुसरे उत्तर: वर्तन पाहायचे असेल, तर काही महिन्यांनी संमतीपत्रांच्या नोंदी तपासाव्यात आणि संशोधनात सहभागी व्यक्तीला त्यातून माघार घेण्याचा हक्क नीट समजावला जातो का, हे मुलाखतीच्या वेळी प्रत्यक्ष ऐकावे, मला हेच सर्वांत मोलाचे वाटते.

प्रश्नकर्ती: त्यासाठीही सहभागींची परवानगी लागेल ना?

दुसरे उत्तर: अर्थातच, आणि नैतिकता समितीची मंजुरीही आधीच घ्यावी.