मदत हवी आहे : ट्रॉलर बदलून खोल समुद्रात कुपा (ट्यूना) पकडण्याविषयी

नमस्कार. आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेतील काही सभासद ट्रॉलिंग (तळाशी जाळे ओढून केलेली मासेमारी) सोडून खोल समुद्रातील गळाच्या मासेमारीकडे, म्हणजे लांब दोराला अनेक गळ लावून मासे पकडण्याकडे, वळू पाहत आहेत, आणि त्यासाठीचे टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ज्यांनी हे स्वतः केले आहे त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

१९७६ च्या कायद्याने २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर देशाचा हक्क प्रस्थापित झाला, तरी आपल्या बहुतेक नौका किनाऱ्यालगतच जाळी ओढत राहिल्या. १९९१ च्या धोरणाने त्यापलीकडचे खोल पाणी परदेशी भागीदारीतील जहाजांना खुले केले. मच्छीमारांच्या आंदोलनानंतर नेमलेल्या मुरारी समितीने १९९६ मध्ये त्या जहाजांचे परवाने रद्द करण्याची शिफारस केली. इतके झगडून राखलेले हे पाणी किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनीच वापरावे, असे मला मनापासून वाटते.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत खोल समुद्रातील नौकांसाठी अनुदान आहे. खरी अडचण अंतराची आणि मासा राखण्याची आहे. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) सुमारे ३०० किलोमीटर पसरली आहे आणि २०० सागरी मैल म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर. त्यामुळे तिथून निघालेल्या नौकेला खोल पाणी लागते ते जवळजवळ हद्दीच्या टोकाशी. दक्षिणेकडे ही जमीन अरुंद होत जाते, त्यामुळे तिथला डिझेलचा हिशेब वेगळा.

गेल्या हंगामात आमच्या एका नौकेला पिवळ्या परांचे मोठे कुपे मिळाले होते. व्यापाऱ्याने एकाच्या शेपटीजवळ काप घेतला आणि मांसाचा तुकडा उजेडात धरून पाहिला. तो लालभडक असायला हवा होता, पण तपकिरी पडला होता, आणि सगळ्या मालाला हलका भाव मिळाला. दोर पूर्ण ओढून होईपर्यंत मासे डेकवरच पडून राहिले होते. कुप्याचे अंग मुळातच पाण्याहून गरम असते, गळाला झुंजताना ते आणखी तापते. लगेच रक्त वाहू देऊन, कल्ले-आतडी काढून तो थंड केला नाही तर मांसात हिस्टामिन तयार होते, आणि ते शिजवूनही जात नाही.

म्हणून पहिली विचारणा खणाविषयी, म्हणजे नौकेत मासा साठवायच्या जागेविषयी, आहे. जुन्या ट्रॉलरच्या खणाला आतून उष्णतारोधक थर देऊन दहा-बारा दिवस मासा टिकवता येतो का, आणि नुसत्या बर्फापेक्षा बर्फ मिसळलेल्या समुद्राच्या पाण्यात तो आधी बुडवून ठेवण्याचा अनुभव कसा आहे? सात-आठ खलाशांना किती गळांचा दोर झेपतो? कन्याकुमारी जिल्ह्यातील तूथूरचे मच्छीमार या कामात मुरलेले आहेत. त्यांच्यापैकी एखाद्या तांडेलासोबत (नौकेच्या प्रमुखासोबत) कोणी फेरी केली असल्यास कृपया सविस्तर लिहावे. गळाला कासव लागल्यास ते जिवंत सोडवण्याची रीतही आमच्या खलाशांना शिकवायची आहे.